मशीनच्या पट्ट्याने बांधलेली शेळी

मागच्या महिन्यात एका उत्तराच्या ओघात लिहून गेले की ‘सक्षमीकरण’ हा शब्द एकतीस वर्षांच्या नोकरीत मी पाड्यावरच्या एकाही बाईच्या तोंडून ऐकला नाही, वाचला तो फक्त बॅनरवर. त्यावर बरीच पत्रं आली. काही रागावलेली आहेत, बाकीची कामाची. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापायची नाहीत असं संपादकांशी ठरलंय, म्हणून गाव तेवढं दिलंय. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल एवढंच: मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत नोकरी झाली, २०१८ मध्ये निवृत्त झाले, आता पंचवटीत असते. पाड्यावर मला सगळे ‘बाई’ म्हणायचे, इथेही तेच चालेल.

प्रश्न : आम्ही आठ निवृत्त मित्र आहोत, बहुतेक बँकेतले. दरवर्षी एक सामाजिक काम हाती घेतो. यंदा पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या महिलांना पंचवीस शिलाई मशीन देऊन स्वावलंबी करायचं ठरवलं आहे. पैसे जमले आहेत. आठ मार्चला कार्यक्रम घेऊ म्हणतो. पाडा कोणता निवडावा आणि मशीन कोणतं घ्यावं?
— गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : साहेब, मशीनचा अ‍ॅडव्हान्स दिला नसेल तर जरा थांबा.

नव्वदच्या दशकात एका संस्थेने माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांच्या भागातल्या, एका पाड्यावर बारा पायमशीन दिली. लाभार्थींची यादी मीच केली होती, त्यामुळे मी आज कुणाकडे बोट दाखवत नाहीये. फोटो झाले, पेढे झाले, पाहुणे दिवस मावळायच्या आत सावळघाटातून घरी परतले. पुढच्या पावसाळ्यात गृहभेटी करत एका घरात शिरले. मशीनवर नागलीची, म्हणजे नाचणीची, पोती रचलेली. चाकाला गंज. आणि ओट्यावर एक शेळी बांधलेली, तिच्या गळ्यात मशीनचा चामडी पट्टा. घरधनीण लाजली नाही की घाबरली नाही. म्हणाली, ‘बाई, पट्टा लय मजबूत आहे.’ बारा मशीनमधला कामी आलेला तेवढाच एक भाग.

मी चिडले होते. तिला बोललेही असेन. घरी येऊन मग शांतपणे हिशोब मांडला. रीळ आणि सुई संपली की बाजाराच्या दिवशी पेठेला जायचं, येण्याजाण्याचं भाडं रिळाच्या किमतीपेक्षा जास्त. शिवायचं कुणासाठी? बारा घरांत बारा मशीन, मग गिऱ्हाईक कोण? आठवडी बाजारात तयार ब्लाऊज आणि परकर मिळतात, तेही स्वस्तात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वेळ. त्या वर्षी एप्रिलमध्ये मी त्याच बाईचा एक दिवस वहीत उतरवला होता. पहाटे चारला जातं. पाच-साडेपाचला विहीर. विहिरीला पाणी नाही, झरा आहे, म्हणजे आत उतरून वाटीने हंडा भरायचा आणि आपला नंबर येईपर्यंत बसून राहायचं. दोन हंडे घरी यायला आठ वाजले. मग भाकरी, मग सरपण, मग दुपारची दुसरी खेप, मग गुरं, मग संध्याकाळची तिसरी खेप. मशीनवर बसायला रात्री नऊनंतरचा वेळ होता, आणि दिवा रॉकेलचा.

त्या पाड्याला नेमकं काय हवं होतं हे मला आणखी तीन वर्षांनी कळलं, कारण तोवर मी विचारलंच नव्हतं. त्यांना गिरणी हवी होती. जवळची गिरणी दुसऱ्या गावात, डोंगर उतरून. डोक्यावर दहा किलो नागली घेऊन जायचं, वीज असली तर दळण, नसली तर ठेवून परत यायचं. म्हणून बाया जात्यालाच चिकटून होत्या. गटाने बचत आणि कर्ज मिळून गिरणी बसवली. थ्री-फेज लाइन नव्हती, म्हणून सुरुवातीला डिझेल इंजिनावर. पहिल्या वर्षी गिरणीच्या दगडाला टाकी लावायला, म्हणजे खाचा पाडायला, पेठेहून माणूस यायचा, त्याची मजुरी आणि वर जेवण. दुसऱ्या वर्षी गटातल्या एकीने छिन्नी-हातोडी घेतली आणि त्याच्याकडे बघून शिकली. आजूबाजूच्या दोन पाड्यांच्या गिरण्यांनाही तीच टाकी लावायला जाऊ लागली. दळण तिथल्या तिथे झालं आणि पहाटेचा दीड तास सुटला. त्या दीड तासात त्यांनी काय केलं माहीत आहे? पहिले काही महिने झोपल्या. मला तर ते फार योग्य वाटलं.

तेव्हा आठ मार्चचा नाद सोडा. एप्रिलमध्ये जा, बॅनर न घेता, दोघंच जा. सरपंचांकडे चहा घ्या, पण विहिरीवरही बसा, आणि तुमच्यापैकी कुणाच्या सौभाग्यवती सोबत असतील तर उत्तम. पुरुषांना विचारलंत तर सभामंडप हवा म्हणतील, बायांना विचारलंत तर पाणी आणि गिरणी. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, त्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के वाटा थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभेने ठरवायचं असतं. म्हणजे तुम्ही जे द्यायला निघाला आहात त्यासाठी गावाकडे कदाचित पैसे आहेतही. ते अडले असतील तर ठराव नसेल, अंदाजपत्रक नसेल, नाहीतर वहीतला हिशोब जुळत नसेल.

तुमच्याकडे मशीनपेक्षा भारी एक वस्तू आहे साहेब, तुमची नोकरी. तुमच्यापैकी कर्ज विभागात कुणी होतं का? बचत गटाचं कर्ज अडतं ते बहुतेक वेळा अगदी किरकोळ कारणांनी. आधार कार्डावर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. इतिवृत्ताच्या वहीवर सही एकीची, खात्यावर दुसरीची. सचिव बदलली पण बँकेला कळवलंच नाही. शाखेतला मुलगा ‘उद्या या’ म्हणतो, आणि त्याच्या एका उद्यासाठी तीन बायांची मजुरी बुडते. तुम्ही आठ जणांनी महिन्यातून एक दिवस एका गावी बसून गटांची कागदपत्रं नीट लावून दिलीत तर पंचवीस मशीनच्या पैशांना हातही लावावा लागणार नाही. फोटो मात्र चांगला येणार नाही, वह्यांचा ढीग आणि चष्मे.

प्रश्न : बाई, मी सुरगाणा तालुक्यातली. बी.ए. झाले आहे, आमच्या गटाची सचिव आहे. नागलीचे लाडू, पापड आणि घरी कांडलेली भगर घेऊन आम्ही नाशिकला प्रदर्शनाला गेलो होतो. पाच दिवसांत गाडीभाडंसुद्धा निघालं नाही. लोक भगर हातात घेऊन म्हणायचे, ही काळपट का? आमचं काय चुकलं?
— सुरगाणा तालुका

उत्तर : पोरी, काळपट का, तर तिच्यात कोंडा आहे म्हणून. तुमची भगर उखळात कांडलेली, दुकानातली मिलमध्ये घासून पांढरी केलेली. शहरातल्या माणसाला पांढरी भगर म्हणजेच भगर वाटते. त्यात त्यांची चूक नाही आणि तुमचीही नाही. पण प्रदर्शनात तुम्ही हे सांगितलंत का? तुमच्या स्टॉलवरच्या पाटीवर काय लिहिलं होतं? मी पैज लावते, ‘महिला बचत गट उत्पादने’ लिहिलं असेल. त्यावरून कुणाला काय कळणार?

आता जरा तुमच्या वरईचा प्रवास बघ. वरकस, म्हणजे हलक्या जमिनीवर, उतारावर, तुम्ही ती पिकवता. दिवाळीच्या आसपास काढणी होते आणि तेव्हाच घरात रोख लागते, म्हणून व्यापारी पाड्यावर टेम्पो घेऊन येतो आणि वरई सालासकट उचलतो. ती इकडे नाशिकच्या भागात येते, इथे भगर मिली बऱ्याच आहेत. साल निघतं, पॉलिश होतं, पिशवीत भरलं जातं आणि महाशिवरात्र, आषाढी, श्रावण, नवरात्र असं वर्षभर उपासाला विकलं जातं. तुमच्याच तालुक्यातल्या किराणा दुकानात तीच भगर तुम्हालाच परत विकत मिळते. मी एकदा उंबरठाणच्या बाजूला एका म्हातारीला ही पिशवी दाखवली तर तिने दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली आणि म्हणाली, ‘आमचीच हाय, पण नागडी केली.’

म्हणून माझं पहिलं सांगणं, सगळी वरई काढणीच्या वेळी विकू नका. साल असलेली वरई कणगीत चांगली टिकते. साल काढलेली टिकत नाही, तिला वास येतो, कीड लागते. गटातल्या प्रत्येकीने एक पोतं मागे ठेवायचं आणि आषाढीच्या आधी पंधरा-वीस दिवस साल काढायचं. दिवाळीला रोख लागते ती अडचण खरी आहे. त्यासाठीच गटाचं अंतर्गत कर्ज असतं, फक्त लग्नासाठी नाही.

दुसरं, भगरीचं पीठ विकू नका. उपासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. ओलसर जागी ठेवलेल्या, जुन्या झालेल्या भगरीला किंवा पिठाला बुरशी धरते, आणि ती डोळ्यांना सहज दिसत नाही. तुमच्याकडचा पावसाळा तर विचारूच नको, चार महिने भिंतीला हात लावला तरी ओला होतो. तेव्हा दाणेच विका, कडक वाळवलेले, पिशवीवर साल काढल्याची तारीख टाकून. ‘एक महिन्यात वापरा’ असं ठळक लिहा. ते वाचून गिऱ्हाईक घाबरत नाही, उलट विश्वास ठेवतं.

अन्न परवाना काढला आहे का? छोट्या उत्पादकाला फक्त नोंदणी लागते, फी वर्षाला शंभर रुपये. एजंट हजार-दीड हजार मागतात, देऊ नका. तू बी.ए. झाली आहेस, मोबाइलवर अर्ज तूच भर.

लाडवांचं वेगळं. नागलीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमच्या वर, तेव्हा बाळंतिणीसाठी आणि वाढत्या मुलांसाठी म्हणून तो लाडू चालू शकतो. पण गूळ आणि तेलाचा लाडू प्रवासात आठव्या दिवशी खवट लागतो. लाडू सुरगाण्यात आणि सापुताऱ्याच्या रस्त्यावर विक, जिथे तो दुसऱ्या दिवशी ताजा करून आणता येतो. तुमच्याकडे बोरगावच्या बाजूचे शेतकरी स्ट्रॉबेरी घेऊन रस्त्याकडेला बसतात ना, पर्यटक तिथे गाडी थांबवतोच. त्यांच्या शेजारी जागा मिळव.

आणि तुम्हाला कुणीतरी वन धन केंद्राबद्दल सांगितलं आहे असं तू पत्राच्या शेवटी विचारलं आहेस. रानातल्या मालावर प्रक्रिया करून तो विकायची ही योजना चांगली आहे. साधारण पंधरा गट, मिळून तीनशे सभासद, असं एक केंद्र होतं आणि यंत्रं, प्रशिक्षण, खेळतं भांडवल यांसाठी त्याला पंधरा लाखांपर्यंत मदत असते. राज्यातलं काम नाशिकचं शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ बघतं. पण पंधरा गट खरोखर दर आठवड्याला बसणारे हवेत. तीनशे नावं कागदावर गोळा करून आलेलं यंत्र मी पाहिलंय, त्याचंही पुढे शेळीच्या पट्ट्यासारखं होतं. आधी तुमच्या शेजारच्या दोन गटांना घेऊन साल काढायचं एक छोटं यंत्र चालवून बघा. ते आषाढी ते नवरात्र नीट चाललं तर पुढचं बोलू. मला परत लिही.

प्रश्न : यांना सगळं फुकट मिळतं. आश्रमशाळा, रेशन, घरकुल. तरी हे तिथेच. मग करदात्यांनी किती दिवस पोसायचं?
— एक करदाता, नाशिक

उत्तर : ऑक्टोबर ते मार्चमध्ये कधीही सकाळी सात वाजता पेठ नाक्यावर या. पिकअपमध्ये उभ्याने भरून दिंडोरी, निफाडकडे जाणारी माणसं दिसतील. द्राक्षाची छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), तोडणी हीच माणसं करतात. तुमच्या वाटीतल्या द्राक्षाच्या प्रत्येक घडावर त्यांची कात्री फिरलेली असते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यातला दर चौथा माणूस अनुसूचित जमातीचा होता. ‘हे’ म्हणजे नेमके कोण, ते जरा बघून या. आणि साडीपासून काडेपेटीपर्यंत तेही कर भरतातच.

प्रश्न : भूगोलात शिकवतात की पेठ, सुरगाणा, इगतपुरी म्हणजे भरपूर पावसाचा भाग. मग उन्हाळ्यात टँकर तिथेच का जातात?
— नववीतला विद्यार्थी, सातपूर

उत्तर : बाळा, प्रश्न फार चांगला विचारलास. पेठला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त. पण तो पडतो उतारावर, खाली काळा कातळ आणि वर वीतभर माती. कातळात पाणी मुरत नाही, ते पळतं. दमणगंगा, पार, नार या नद्या पश्चिमेला वाहतात आणि ते पाणी गुजरातेतून समुद्राला मिळतं. डोंगराच्या भेगांत जे थोडं अडकतं तेच झऱ्यातून बाहेर येतं, आणि मार्चनंतर तेही आटतं. उपाय आहेत: झरा बांधून झाकणं, ओढ्यावर वनराई बंधारे, टाकी उंचावर नेऊन सौर पंप. जिथे हे झालंय तिथे फरक दिसतो. एक करून बघ, सुट्टीत आजीकडे गेलास की एक हंडा भरून डोक्यावर घे. पंधरा-सोळा किलो भरतो. मग तो घेऊन गच्चीवर चढ.

प्रश्न : बाई, नमस्कार. हरसूलकडचा आहे. आजोबांपासून आम्ही चार एकर वनजमीन कसतो. वडिलांच्या नावाने दावा केला होता, पट्टा आला तो दीड एकराचा. बाकीची जमीन कसलेली दिसत नाही म्हणाले. आता काय करता येईल? वडील म्हणतात मिळालं तेवढं बस, नादी लागू नको.
— त्र्यंबकेश्वर तालुका

उत्तर : वडिलांना दोष देऊ नकोस. त्यांनी ज्या वयात जमीन कसली त्या वयात वनखात्याचा माणूस आला की कोंबडी आणि दंड दोन्ही द्यावे लागायचे. दीड एकर का होईना, नावावर आलेला कागद त्यांनी पहिल्यांदा पाहिलाय.

मी वकील नाही. पण या दाव्यांच्या कागदांत माझे बरेच रविवार गेलेत. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून प्रत्यक्ष ताब्यात आणि कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, म्हणजे दहा एकरांच्या आत. तुमची चार एकर त्यात सहज बसते. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा असतो. तू पत्रात फक्त वडिलांचं नाव लिहिलंस. आधी कागद काढून बघ, आईचं नाव आहे का? नसेल तर तो मुद्दाही धर.

आता ‘कसलेली दिसत नाही’ याबद्दल. मोजणीला माणूस आला तेव्हा तो कुठून कुठवर फिरला ते कुणी पाहिलं होतं का? वरकस जमिनीची रीत तुला मी काय सांगणार, पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, मग जमीन पड टाकायची. पड टाकलेल्या वर्षी वरून घेतलेल्या फोटोत ती रान दिसणार, आणि मोजणीवाला भातखाचर तेवढं मोजून जाणार. तुमचं असंच झालं असण्याची शक्यता मला बरीच वाटते. उपग्रहाचं चित्र हा जोडीचा पुरावा आहे, तो बाकी पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, असं २०१२ च्या सुधारित नियमांत लिहिलेलं आहे. हे वाक्य अर्जात घाल.

पुरावे कमीत कमी दोन लागतात. गावातल्या जुन्या माणसाचा लेखी जबाब हा एक पुरावा धरतात. जमिनीवरच्या खुणा, म्हणजे बांध, खळं, झोपडीचा चौथरा, हा दुसरा. आणि दंडाच्या पावत्या. आजीची पत्र्याची पेटी उघड. मी ज्या घरात विचारलं तिथे बहुतेक वेळा ‘काही कागद नाही’ म्हणायचे, आणि मग पेटीच्या तळाशी, लग्नातल्या साडीखाली, घडी पडून पिवळ्या झालेल्या पावत्या निघायच्या. ‘अतिक्रमण केले म्हणून दंड’, तारीख, रक्कम, शिक्का. ज्या कागदाने एकेकाळी रडवलं तोच आता सांगतो की हा माणूस त्या साली तिथे नांगर धरून होता.

दावा कमी मंजूर केला तर कारण लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर साठ दिवसांत अपील करता येतं. तुम्हाला कारणासह पत्र मिळालं होतं का? नसेल तर मुदत कुठून मोजायची, हे निर्णय देणाऱ्या समितीला लेखी विचार आणि पोच घे. फाइलची नक्कल माहितीच्या अधिकारात माग, अर्जाला दहा रुपये लागतात. ग्रामसभेत विषय ठेव, गावच्या वनहक्क समितीकडून जागेची फेरपाहणी करून घे आणि पंचनाम्यावर शेजारच्या शेतकऱ्यांच्या सह्या घे. जिल्हा समितीनेही नाकारलं तर महाराष्ट्रात २०२० पासून विभागीय स्तरावर अपिलाची सोय झाली आहे, तीही नाशिकलाच, तुला एका एसटीत पोचता येईल.

मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी निघाला, तेव्हा वनजमिनीचे अडलेले आणि अर्धवट मंजूर झालेले दावे ही त्यातली मोठी मागणी होती. मी मीटिंगला आले होते, मुंबई नाक्याजवळ रस्त्याच्या कडेला थांबले. त्या गर्दीत माझ्या बीटमधली एक अंगणवाडी मदतनीस दिसली. पायात प्लॅस्टिकची चप्पल, डोक्यावर लाल टोपी, कमरेला बांधलेल्या फडक्यात नागलीचं पीठ. म्हटलं, अगं, मुंबई दीडशे किलोमीटरच्या वर आहे. ती म्हणाली, ‘बाई, पाण्याला रोज चालतोच ना.’ आठवड्याने आली तेव्हा तळपायाची कातडी सोललेली होती आणि पोषण आहाराच्या रजिस्टरवर तिची गैरहजेरी मी लावलेली नव्हती.

वडिलांना एवढंच सांग की अपील केलं म्हणून मिळालेले दीड एकर कुणी काढून घेत नाही. त्यांना भीती त्याचीच आहे.

प्रश्न : बाई, मी नव्यानेच अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून आदिवासी भागात रुजू झाले आहे. अमृत आहारात गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं गरम जेवण अंगणवाडीत द्यायचं असतं. पण बायका येतच नाहीत, किंवा आल्या तर अर्धं खाऊन उठतात. समजावून सांगून थकले. काय करावं?
— कळवण

उत्तर : सगळ्यात आधी समजावणं थांबव. जेवण चांगलं असतं हे त्यांना माहीत आहे.

२०१५ च्या शेवटी ही योजना आली तेव्हा मीही तुझ्यासारखीच फिरत होते. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं. ताट बघून मलाच भूक लागायची. एक सात महिन्यांची गरोदर मुलगी रोज यायची, सगळं खायची, पण अंडं दिसायचं नाही. एक दिवस मी तिच्या शेजारीच बसले. तिने अंडं सोललं, माझ्याकडे बघून हसली, आणि मी भाजीकडे बघितलं तेवढ्यात ते पदराच्या गाठीत गेलं. मी सगळ्यांसमोर बोलले तिला. म्हणाले, सरकार तुझ्या पोटातल्या बाळासाठी देतं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

घरी गेले तर तिचा अडीच वर्षांचा मुलगा दारात बसलेला. तो मला ओळखत नव्हता, पण माझ्या पिशवीकडे बघून त्याने हात पुढे केला. अंडं कुठे जात होतं ते मला विचारावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी लहान मुलांनाही अंडं किंवा केळं मिळायला लागलं आणि पदराच्या गाठी आपोआप कमी झाल्या. तेव्हा तुझ्या अंगणवाडीत मुलांची अंडी वेळेवर येतात का, ते आधी बघ. आई उपाशी पोराला घरी ठेवून पोटभर जेवत नसते, तिला आहारशास्त्र शिकवून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट सासूची. सासूला एकदा जेवायला बोलव. स्वयंपाक बघू दे, चव घेऊ दे. आहार समितीत तिला घेता आलं तर आणखी चांगलं, मग ती स्वतःच सुनेला हाकलत आणते.

तिसरी गोष्ट आवणीची, म्हणजे भातलावणीची. जुलैमध्ये दुपारी बारा वाजता एकही बाई अंगणवाडीत येणार नाही, मग तू काहीही कर. ती चिखलात गुडघाभर उभी असते, सोबतच्या बाया ओळीत पुढे जातात आणि मधूनच उठून जेवायला जाणं तिला जमत नाही, लाज वाटते आणि मजुरीही कापतात. नियम सांगतो की जेवण अंगणवाडीतच द्यायचं. नियमामागचं कारणही बरोबर आहे, डबा घरी गेला की तो वाटला जातो.

माझी एक सेविका आवणीच्या पंधरा दिवसांत तीन डबे फडक्यात बांधून शेताच्या बांधावर न्यायची. बाया पाय धुवून बांधावर बसायच्या, आणि त्या जेवून होईपर्यंत ही तिथेच उभी राहायची, पदराकडे लक्ष ठेवून. मी तीन वर्षं ते पाहिलं आणि तीन वर्षं रजिस्टरवर ‘अंगणवाडीत भोजन’ या रकान्याखाली सही केली. तुला तसं कर म्हणत नाहीये, तुझी नोकरी नवी आहे. प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी विचार, आवणीपुरती परवानगी माग. नाही म्हणाले तर मला फोन कर, पत्र नको.